चूक आमच्या इंग्रजीची नाही, तुमच्या मेनूची आहे

माझ्या मॉनिटरच्या कडेला पाच चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. एकीवर लिहिलंय, ‘एस्केप दाबू नको, आधी सेव्ह.’ दुसरीवर, ‘बँक जुळवणी युटिलिटीजमध्ये आहे, बँकमध्ये नाही.’ तिसरीवर लाल पेनाने, ‘27 आणि 30 = आयजीएसटी. राज्य बघ!!’ उरलेल्या दोन माझ्या अक्षरातल्या नाहीत. माझ्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या ताईंच्या आहेत. त्यांना कामावरून काढलं, चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या.

मी बेळगावात पाइप आणि फिटिंग विकणाऱ्या एका होलसेल दुकानात हिशेब लिहिते. दुकानाचं नाव सांगत नाही, सॉफ्टवेअरचंही सांगत नाही. एक तर मला नोकरी टिकवायची आहे, आणि दुसरं म्हणजे दुखणं त्या एका सॉफ्टवेअरपुरतं नाही. तुमच्यापैकी जे कुणी उद्यमबागेत, खानापुरात, निपाणीत, नाहीतर तिकडे म्हापशात कुणाच्या तरी ऑफिसात बसून बिलं मारता, त्यांनी आपापल्या स्क्रीनकडे बघावं आणि मी खोटं बोलते काय ते सांगावं.

झालं असं. शिनोळीच्या एका कारखान्याला आमचा माल जातो. शिनोळी आपल्याला बेळगावचीच वाटते. पण ती चंदगड तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. जीएसटीच्या हिशेबात कर्नाटकाचा आकडा 29, महाराष्ट्राचा 27, गोव्याचा 30. माल शंभरेक किलोमीटरवरच्या हुबळीला गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, निम्मा-निम्मा. पार तिकडे बीदरला गेला तरी तेच. आणि वेशीपलीकडच्या शिनोळीला गेला की लागला आयजीएसटी. सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे कुणी वेगळं शिकवायला लागत नाही. कुठली वाडी कुठल्या राज्यात, हे आपण शाळेत जायच्या आधीपासून जाणतो.

त्या कारखान्याचं खातं उघडताना ताईंनी जीएसटी नंबर अगदी बरोबर टाकला होता. पंधरा अंकी-अक्षरी नंबर, सुरुवातच 27 ने. पण ‘राज्य’ हा रकाना त्या पानावर नव्हताच. आधी ‘अदर डिटेल्स’मध्ये जायचं, तिथून ‘स्टॅच्युटरी’मध्ये, मग खाली सरकत जायचं, तेव्हा तो दिसतो. आणि तिथे सॉफ्टवेअरने आमच्या दुकानाचंच राज्य आपणहून भरून ठेवलेलं. कर्नाटक.

सहा बिलं गेली, प्रत्येकी 40,000 ची. एकूण 2,40,000, त्यावर 18 टक्क्यांनी 43,200 रुपये कर. तो 21,600 सीजीएसटी आणि 21,600 एसजीएसटी असा लागला, रिटर्नमध्ये गेला, भरलाही. कर धरूनही एकेक बिल 50,000 च्या आतलं, म्हणून ई-वे बिल लागलं नाही. उलाढाल पाच कोटींच्या आतली, म्हणून ई-इनव्हॉइस नाही. थोडक्यात, वाटेत चूक अडवणारी एकही चाळणी नाही. दोन महिन्यांनी कारखान्याच्या ऑडिटरने 2बी जुळवायला घेतला तेव्हा कळलं, की सहाही बिलांचं क्रेडिट ‘मिळणार नाही’ या यादीत पडलंय. बरोबरच आहे. कर्नाटकाला भरलेल्या कराचं क्रेडिट महाराष्ट्रातल्या खरेदीदाराला कसं मिळणार? त्यांनी 43,200 रुपये अडवून ठेवले.

यावर कायद्यात तोड आहे. सीजीएसटी कायद्याचं कलम 77 आणि आयजीएसटी कायद्याचं कलम 19. बरोबर तो कर पुन्हा भरायचा, त्यावर व्याज नाही, आणि चुकीच्या खात्यात गेलेला कर दोन वर्षांच्या आत अर्ज करून परत मागायचा. व्याज नाही हे खरं, पण लहान दुकानाचे 43,200 दोनदा गुंतले ना. सरकारकडनं परत यायचे तेव्हा येतील.

मालकांनी ताईंना काढलं. कारण काय सांगितलं माहीत आहे? ‘इंग्रजी येत नाही आणि कॉम्प्युटरवर बसायलीय.’

त्यांच्या जागी मी आले. पहिल्या दिवशी मालकांनी ही सगळी कथा सांगितली, तेव्हा मी मान डोलावली. ‘एवढं साधं कसं कळलं नाही हो त्यांना,’ असंही म्हणाले. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण दोष नुसता कंपन्यांना देऊन मी मोकळी होणार नाही. खुर्चीवरच्या माणसाला ढ ठरवायची सवय आपल्यातही आहे.

मग दुरुस्ती माझ्याकडे आली. क्रेडिट नोट घालून पहिलं बिल नव्याने करायला घेतलं आणि आयजीएसटी हाताने टाकला, तर लाल चौकट आली. ‘पीओएस मिसमॅच.’ एवढंच. कुठल्या रकान्यात, कशाशी जुळत नाही, काय करावं, काही नाही.

मला पीओएस म्हणजे एकच ठाऊक, काउंटरवरचं कार्ड घासायचं मशीन. एफ 1 दाबलं. ब्राउझर उघडला आणि हेल्पच्या पहिल्या पानावर नेऊन सोडलं. मी कुठल्या स्क्रीनवर, कुठल्या रकान्यात अडकले आहे हे त्या सॉफ्टवेअरला चांगलं माहीत होतं, तरी त्याने मला गावाच्या वेशीवर आणून उतरवलं आणि म्हणालं, शोधा आता घर. मी ‘पीओएस’ शोधलं. आलं काय? स्वाइप मशीन कसं जोडावं! मग मी मशीन बंद केलं, चालू केलं, वायर बदलली, बँकेच्या माणसाला फोन लावला. दीड तास. आमच्याकडे स्टॉक बघणारा एक कन्नड मुलगा आहे, मला अक्का म्हणतो. तो शेवटी म्हणाला, ‘अक्का, मशीनचा आणि शिनोळीचा काय संबंध?’ संबंध काहीच नव्हता. पण ती तीन अक्षरं त्यालाही कळली नव्हती, आणि तो माझ्यापेक्षा फर्डं इंग्रजी बोलतो. संध्याकाळी सीएंच्या ऑफिसातल्या मुलीने फोनवर दहा सेकंदांत सांगितलं. पीओएस म्हणजे प्लेस ऑफ सप्लाय, माल कुठल्या राज्यात पोचला ते.

आता सांगा, यात इंग्रजी कुठे आलं? हे इंग्रजी नव्हतंच. ज्याला आधीच सगळं माहीत आहे त्याने, ज्याला आधीच सगळं माहीत आहे त्याच्यासाठी लिहिलेली ती खूण होती.

खरी मदत कशी दिसली असती? ताईंनी 27 ने सुरू होणारा नंबर टाकला, त्याच क्षणी त्याच रकान्याखाली एक ओळ यायला हवी होती. ‘हा नंबर महाराष्ट्राचा आहे. राज्य मात्र कर्नाटक लावलंय. बदलायचं का?’ संपलं. पहिले दोन आकडे म्हणजे राज्य, हे जीएसटी सुरू झाला त्या 1 जुलै 2017 पासून सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढं बघायला कुठली आर्टिफिशियल बुद्धी नको, दोन आकड्यांची तुलना करायची आहे. ती एक ओळ असती तर 43,200 अडकले नसते आणि एका बाईची नोकरी गेली नसती. आणि ती ओळ मराठीत नसती, साध्या इंग्रजीत असती, तरी चाललं असतं. हे मी मराठीच्या पानावर लिहितेय, तरी लिहितेय.

दुसरा राग मेनूवर. मास्टर्स, ट्रान्झॅक्शन्स, युटिलिटीज, कम्प्लायन्स. ही बनवणाऱ्यांच्या ऑफिसातल्या कपाटांची नावं आहेत. आम्ही कामाला बसतो तेव्हा डोक्यात ‘युटिलिटीज’ नसतं. डोक्यात असतं, शिनोळीवाल्याकडनं किती यायचंय. पासबुक जुळवायचंय. काल मारलेलं बिल चुकलंय. आमच्याकडे बँक जुळवणी कुठे आहे, तर बॅकअप आणि प्रिंटर सेटिंगच्या शेजारी! का? कुणाला तरी वाटलं असेल, ‘जुळवणी म्हणजे एक सोय आहे.’ पहिल्या महिन्यात मी बँकेच्या मेनूतला प्रत्येक दरवाजा उघडून बघितला. परत यायला एस्केप दाबायचं, आणि एक एस्केप जास्त पडला की अर्धी भरलेली एंट्री गायब. विचारतसुद्धा नाही. चिठ्ठी नंबर एक तिथून आली.

कुणी म्हणेल, हिशेबाचं काम मुळातच गुंतागुंतीचं, मेनू तरी काय करणार. माझे आजोबा पेठेत कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या मी लहानपणी हाताळल्या आहेत. कीर्दीत रोजची नोंद, आणि नोंदीच्या शेजारी बारीक आकडा, ही रक्कम खतावणीत कुठल्या पानावर गेली त्याचा. खतावणीचं ते पान उघडा, तिथे उलटा आकडा, ही रक्कम कीर्दीच्या कुठल्या पानावरनं आली त्याचा. खतावणीच्या सुरुवातीला खात्यांची अनुक्रमणिका. म्हणजे कुठल्याही नोंदीवरून तिच्या खात्यावर जा, खात्यावरून परत नोंदीवर या. आज ज्याला लिंक आणि बॅक बटण म्हणतात ते दिवाणजींच्या वहीत शाईने होतं, लाइट गेली तरी चालायचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र येणं-बाकीच्या यादीतल्या आकड्यावर क्लिक केलं तर काहीच होत नाही. बिल नंबर कागदावर उतरवायचा, बाहेर यायचं, दुसऱ्या मेनूत जाऊन तोच नंबर टाकायचा. आजोबा हसले असते.

सगळेच असे आहेत असं मी म्हणत नाही. टॅली बघा. बेंगळुरूची कंपनी, 1986 पासूनची. एफ 4 कॉन्ट्रा, एफ 5 पेमेंट, एफ 6 रिसीट, एफ 7 जर्नल, एफ 8 विक्री, एफ 9 खरेदी. क्लासला गेलेल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. आणि 2020 च्या नोव्हेंबरात टॅलीप्राइम आलं तेव्हा त्यांनी ‘गो टू’ आणलं. ऑल्ट आणि जी दाबा, काय हवं त्याचं नाव टाइप करा, थेट तिथे पोचा. हातातलं व्हाउचर अर्धवट असलं तरी रिपोर्ट बघून परत येता येतं. एफ 8 ला विक्री ती विक्रीच राहिली, म्हणजे बोटांची सवय मोडली नाही, आणि नव्या माणसाला मेनूची वाट पाठ करायची गरज उरली नाही. म्हणजे जमतं. ज्यांना जमत नाही ते म्हणतात ‘युजरला ट्रेनिंग द्या’. पायरी एक फूट उंच बांधायची आणि वर येणाऱ्याला गुडघ्याचा व्यायाम सांगायचा, त्यातलाच प्रकार.

यूट्यूबचंही तेच. ‘व्हिडिओ बघा की.’ अठरा मिनिटांचा व्हिडिओ, पहिली तीन मिनिटं चॅनल सबस्क्राइब करा, आणि दाखवतात ते जुन्या व्हर्जनचं बटण, जे आता तिथे नाही. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असतं हो. त्याला सांगू काय, थांबा, माझा व्हिडिओ चाललाय? नाहीतर ‘पार्टनरला बोलवा’. आमच्याकडचा सॉफ्टवेअरवाला भला माणूस आहे, कधी उर्मटपणे बोललेला नाही. पण प्रत्येक व्हिजिटचे पैसे घेतो, आणि घेणारच, त्याचं पोट त्यावर आहे. आम्ही जितके अडू तितकी त्याची फेरी. अशा व्यवस्थेत हेल्पचं पान सुधारावं अशी घाई कुणाला असेल?

आता मराठीकडे येते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे बरं का! सेटिंगमध्ये भाषा बदलता येते. मी आनंदाने बदलली. ‘पार्टी आउटस्टँडिंग’ होतं तिथे आलं, ‘पक्ष उत्कृष्ट’. मी दोन मिनिटं बघतच राहिले, म्हटलं निवडणूक लागली काय. ‘बॅलन्स’चं झालं ‘संतुलन’. पाच मिनिटांत परत इंग्रजी केलं. आणि कंपनीकडे याची नोंद काय होत असेल? मराठी दिली होती, कुणी वापरत नाही.

ही थट्टा मला जास्त लागते. कारण शब्द नाहीत असं नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ हा विषय मराठीतून शिकतात. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा, बँक जुळवणी पत्रक, सगळे शब्द तिथे छापलेले आहेत. पण मी असंही म्हणणार नाही की तेच उचलून मेनूत घाला. आपण दहावीपर्यंत मराठीत आणि पीयूसीला एकदम इंग्रजीत पडलेली पोरं. आपण ट्रायल बॅलन्सला ट्रायल बॅलन्सच म्हणतो, तेरीज म्हटलं तर निम्मे लोक थांबतील. पण बॅलन्सला शिल्लक म्हणतो, आउटस्टँडिंगला बाकी किंवा उधारी म्हणतो, आणि पार्टीला पार्टीच. व्हाउचर हे व्हाउचरच. काउंटरवर जी भाषा चालते ती ही. ती कळायला भाषांतराचं मशीन उपयोगाचं नाही. एखाद्या दुकानात चार दिवस येऊन बसा, चहा आम्ही देतो. आणि शोधायच्या खिडकीत ‘उधारी’ टाकलं तरी, ‘येणं’ टाकलं तरी, ‘आउटस्टँडिंग’ टाकलं तरी एकच पान उघडलं पाहिजे. आमच्या कन्नड मुलाने ‘बाकी’ त्याच्या लिपीत टाकलं तरी तेच पान. तो शब्द तर दोन्हीकडे चालतो.

मेनूचं मराठी मला दुय्यम वाटतं. मेनू आठवड्यात पाठ होतो. मराठी हवी ती चुकीच्या लाल चौकटीत, कारण तिथे माणूस घाबरलेला असतो. काय चुकलं, कुठे चुकलं, आता काय करायचं, ही तीन वाक्यं आधी आपल्या भाषेत आणा. मग बाकीचं सावकाश करा.

आणि ‘छोट्या बदलांना वेळ लागतो’ हे मला सांगू नका. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांनी असंच सॉफ्टवेअर वापरायचं ठरलं, ज्यात प्रत्येक फेरफाराची नोंद राहील आणि ती बंद करता येणार नाही. नियम आला आणि सगळ्यांनी एडिट लॉग बसवला. आमचं दुकान कंपनी नाही, पण लॉग आमच्याही स्क्रीनवर आला. म्हणजे मी कधी, कुठे चुकले हे आता मिनिटासकट दिसतं. माझी चूक पकडायची सोय झाली. ती होऊ नये याची सोय कधी?

म्हणून एक काम सांगते. तुम्ही जिथे अडाल तिथे स्क्रीनचा फोटो काढा, आणि खाली दोन ओळी लिहा, मी काय करायला बघत होतो आणि मला काय दिसलं. शिव्या नकोत. मालकाचं, गिऱ्हाईकाचं नाव आणि आकडे झाकून कंपनीच्या सपोर्टला पाठवा, मराठीत पाठवा, आणि तिकीट नंबर आला की तो जपून ठेवा. एकाने पाठवलं तर ‘युजर एरर’ म्हणून बंद करतील. निपाणीपासून कारवारपर्यंतच्या पन्नास टेबलांवरनं तीच चौकट गेली तर तसं म्हणणं अवघड जाईल. मी माझी पाठवली आहे, ‘पीओएस मिसमॅच’वाली. उत्तर आलं, ‘कृपया आमचा हेल्प विभाग पाहा.’ परत पाठवली आहे.

मागच्या महिन्यात म्हापशाच्या एका नव्या गिऱ्हाईकाचं खातं उघडलं. नंबर 30 ने सुरू होणारा. सगळं भरलं, सेव्ह करणार तेवढ्यात लाल चिठ्ठीवर नजर गेली. आत जाऊन बघितलं. कर्नाटक. मी, जिने सहा बिलं निस्तरली, तीसुद्धा विसरले होते.

तेव्हा पहिल्यांदा ताईंच्या त्या दोन चिठ्ठ्या नीट वाचल्या. शाई फिकी झाली आहे म्हणून इतके दिवस दुर्लक्ष केलं होतं. एकीवर कुणाचा तरी फोन नंबर. दुसरीवर, ‘शिनोळी – राज्य कुठे बदलायचं? विचारणे.’

त्यांना ठाऊक होतं. विचारायला कुणी नव्हतं.

सीएंच्या ऑफिसातून नंबर मिळवून मी त्यांना फोन केला. आता निपाणीत एका दुकानात बसतात, कागलची बरीच गिऱ्हाईकं आहेत म्हणाल्या. सॉफ्टवेअर हेच. मी आधी माफी मागितली, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘ते राज्याचं कुठे असतंय, सापडलं काय ग तुला?’ मी सांगितलं, अदर डिटेल्स, तिथून स्टॅच्युटरी, मग खाली सरकत जायचं.

‘थांब,’ त्या म्हणाल्या, ‘लिहून घेते.’